कुरकुर नेमकी कुठून येते? कुर्ल्याची फियाट, तिचे कमानपाटे आणि एका आवाजाचा इतिहास

धागा.

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात एका प्रीमियर पद्मिनी मोटारीची टॅक्सी म्हणून नोंद झाली. मुंबईत नोंदली गेलेली ती शेवटची पद्मिनी टॅक्सी. शहरात टॅक्सीला वीस वर्षांचे आयुष्य ठरवून दिलेले असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ‘काळी-पिवळी पद्मिनी’ हा प्रकार कायद्याने संपला. त्याआधी सहा आठवडे बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर बसनेही निरोप घेतला होता. त्या दिवसांत मीटर, छतावरचे कॅरियर, आतल्या फुलाफुलांच्या कापडी सजावटी आणि हिंदी चित्रपटांतली पद्मिनी यांविषयी भरपूर लिहिले गेले. मात्र त्या गाडीबरोबर रस्त्यावरून एक आवाजही गेला. त्याच्याविषयी फारसे कोणी बोलले नाही.

घाटकोपरहून अंधेरीकडे जाताना गतिरोधक आला, की मागच्या आसनाखालून तो आवाज येई. गाडी खाली बसताना एक बारीक ‘कुईं’ आणि वर उठताना थोडी जाड ‘कर्र’. प्रवाशाच्या दृष्टीने ती जुन्या गाडीची कुरकुर होती. चालकाच्या दृष्टीने तो एक प्रश्न होता: हा आवाज निरुपद्रवी आहे, की उद्याचा धंदा बुडवणारा? त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक पद्धत उपनगरांतल्या गॅरेजांत तयार झाली होती. ती कशी होती आणि मुळात तिची गरज का पडली, हा या धाग्याचा विषय.

आधी गाडीची जन्मकथा. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग देशात उभे करण्याचा ध्यास घेतला होता. मोटारीसाठी त्यांनी अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. पुढे इटलीतल्या फियाटशी संबंध जुळला. दान्ते जाकोसा यांच्या मार्गदर्शनाखाली फियाटने तयार केलेली ‘११००-१०३’ ही मोटार १९५३ साली युरोपात आली आणि पाठोपाठ १९५४ पासून ती कुर्ल्यात बनू लागली. १९६४ साली तिला ‘डिलाइट’ हे नाव लागले, सत्तरच्या दशकाच्या आरंभी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. नावे बदलली, जाळी आणि दिवे बदलले, पण १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि मागच्या चाकांवरची व्यवस्था मूळ वळणाचीच राहिली.

ती मागची व्यवस्था म्हणजे कमानपाटे. पोलादाच्या चपट्या, किंचित वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या. सर्वांत वरची लांब, खालच्या क्रमाने आखूड. मुख्य पाट्याची दोन्ही टोके गोल वळवून त्यांत रबराचे बुश बसवलेले. पुढचे टोक गाडीच्या सांगाड्याला पक्के, मागचे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यावर; कारण पाटा दबला की त्याची लांबी वाढते आणि त्या वाढीला कुठेतरी वाट द्यावी लागते. मध्यभागी एक सेंटर बोल्ट सगळे पाटे एकत्र धरतो आणि इंग्रजी यू अक्षरासारखे बोल्ट ही जुडी आसाला आवळून ठेवतात.

‘कमान’ हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ धनुष्य. मराठीत तो दरवाजावरच्या अर्धवर्तुळालाही लागला, घड्याळातल्या स्प्रिंगलाही आणि गाडीखालच्या या पोलादी धनुष्यालाही. (कुर्ल्यात लालबहादूर शास्त्री मार्गावर ‘कमानी’ नावाचा बसथांबा आहे. त्याचा गाडीच्या कमानीशी काही संबंध नाही. ते तिथल्या कमानी उद्योगसमूहाचे आडनाव. पण मोटारीच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर हे नाव असावे, हा योगायोग मजेदार खराच.)

ही पोलादी जुडी मोटारीपेक्षा बरीच जुनी आहे. आपल्या बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. रस्त्याचा प्रत्येक खड्डा आसातून थेट माणसाच्या मणक्यात येई. युरोपातल्या घोडागाड्यांना आधी चामड्याचे पट्टे आणि मग पोलादी पाटे आले. लंडनच्या ओबडाया इलियटने १८०४ साली लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले. त्यामुळे गाडीखालचा जड लाकडी दांडा काढून टाकता आला आणि घोडागाडी हलकी व बुटकी झाली. मुंबईच्या व्हिक्टोरिया याच कुळातल्या. मोटार जन्मली तेव्हा तिने घोडा सोडला, पण घोडागाडीचे पाटे सोडले नाहीत.

सोडले नाहीत याला कारण होते. पाट्यांची जुडी एकाच वेळी तीन कामे करते. पहिले, ती वजन पेलते. दुसरे, ती आसाला जागेवर धरते. पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकू देत नाही आणि इंजिनाचा जोर चाकांना मिळताना आसाला बसणारा पीळही सोसते. तिसरे काम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आपल्या कुरकुरीचा जन्म तिथेच आहे. स्प्रिंग दाबून सोडली की ती वर-खाली हलतच राहते. ती थांबवण्यासाठी हालचालीतली ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पाटे दबतात तेव्हा एकमेकांवर घासत सरकतात आणि त्या घर्षणात ही ऊर्जा उष्णता होऊन संपते. म्हणजे घर्षण हा तिथे दोष नव्हता; ती नेमणूक होती. घोडागाडीला वेगळे शॉकॲब्सॉर्बर नसत. पाट्यांचे घासणे हाच तिचा शॉकॲब्सॉर्बर होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीचा वेग वाढला तसे हे घर्षण अपुरे आणि बेभरवशाचे ठरले. कोरड्या दिवसात जास्त, ओल्या दिवसात कमी. गंज चढला की गाडी दगडासारखी, तेल लागले की होडीसारखी. म्हणून आधी घर्षणावर चालणाऱ्या चकत्या आल्या आणि नंतर तेल भरलेले नळीसारखे शॉकॲब्सॉर्बर. फियाट ११०० ला ते मुळातच होते. पाट्यांचे तिसरे काम कागदोपत्री काढून घेतले गेले होते. पण पाट्यांना ते कोण सांगणार? ते घासतच राहिले. पद्मिनीच्या मागून येणारी कुरकुर म्हणजे निवृत्त केलेल्या, तरीही रोज कामावर येणाऱ्या एका जुन्या नोकराचा आवाज होता, असे म्हणायला हरकत नाही.

आता घासणे आणि वाजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शार्ल कुलों या फ्रेंच अभियंत्याला १७८१ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले ते घर्षणावरच्या प्रबंधासाठी. थांबलेली वस्तू सरकवायला जो जोर लागतो, तो सरकत असलेली वस्तू सरकत ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा सामान्यतः जास्त असतो, हे त्या अभ्यासातले एक मर्म. या फरकातून एक चमत्कारिक हालचाल निर्माण होते: पृष्ठभाग चिकटतो, ताण साठतो, अचानक सुटतो, पुन्हा चिकटतो. १९३९ साली केंब्रिजमध्ये बाउडन आणि लेबेन यांनी या अडत-सुटत चालणाऱ्या हालचालीचा बारकाईने अभ्यास केला. हे अडणे-सुटणे सेकंदाला काही शे किंवा हजार वेळा झाले, की कानाला सूर ऐकू येतो. सारंगीचा गज तारेवर फिरतो तेव्हा हेच घडते; गजाला राळ लावतात ती हे चिकटणे वाढवण्यासाठीच. पद्मिनीच्या पाट्यांत राळेचे काम गंज आणि धूळ करत असत.

मुंबईत दोन्हींचा तोटा नव्हता. खारट, दमट हवा वर्षभर पोलादाला खात असे. उपनगरांत बांधकामे अखंड चालू. १९५७ साली महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली आणि त्यानंतरच्या दशकांत बोरिवली, कांदिवली, भांडुप, मुलुंड ही गावे पाहता पाहता शहर झाली. सिमेंट, खडी आणि मातीची बारीक पूड रस्त्यावर, आणि रस्त्यावरून गाडीखाली. पाट्यांच्या फटीत ती जाऊन बसे.

इथे ऋतूंचाही एक खेळ असे. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की कित्येक गाड्यांची कुरकुर एकाएकी बंद पडे. गाडी सुधारली असे वाटावे! पाण्याचा पातळ थर पाट्यांमध्ये शिरून तात्पुरते वंगण होत असे, इतकेच. पण तेच पाणी चार महिने आत मुरून गंज वाढवी, आणि ऑक्टोबरच्या उन्हात पाटे सुकले की आवाज दुप्पट होऊन परते. जाणत्या कारागिरासाठी ही ऋतूची साक्ष फार मोलाची होती. पावसात थांबणारा आवाज कोरड्या घर्षणाचा असण्याची शक्यता मोठी. पावसातही तसाच येणारा आवाज म्हणजे काहीतरी सैल झाले आहे किंवा तुटले आहे.

मग अडचण कुठे होती? आवाज पाट्यांतून येतो हे माहीत असताना शोधायचे काय? अडचण अशी, की तो नेहमी पाट्यांतून येतच नसे. आणि कान तिथे फसवतो.

फियाट ११०० ला ट्रकसारखी वेगळी चौकट नव्हती. सगळे पत्र्याचे शरीरच चौकटीचे काम करी. पाट्याचे टोक थेट त्या शरीराला जोडलेले. त्यामुळे शॅकलमध्ये उठलेला बारीकसा आवाज अख्ख्या पत्र्यात पसरे. तंबोऱ्याच्या तारेचा नाद भोपळ्यात घुमतो तसा तो डिकीत घुमे आणि मागच्या आसनाच्या पाठीतून बाहेर येई. त्यात माणसाच्या श्रवणाची एक मर्यादा आहे. खालच्या पट्टीचा आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांपर्यंत ध्वनी पोचण्यातल्या वेळेच्या फरकावरून ठरवतो, वरच्या पट्टीचा आवाज डोक्याच्या सावलीमुळे पडणाऱ्या तीव्रतेच्या फरकावरून. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडलेली ही उपपत्ती. साधारण दीड ते तीन हजार हर्ट्झच्या टप्प्यात दोन्ही खुणा दुबळ्या पडतात आणि माणूस दिशा ओळखण्यात सर्वाधिक चुकतो. बारीक कुरकुर बऱ्याचदा नेमकी याच टप्प्यात असते. ‘डावीकडून येतोय’ असे छातीठोकपणे सांगणारा प्रवासी म्हणूनच पुष्कळदा चुकीचा असे.

कान फितूर असल्यामुळे शोध हाताने आणि वगळण्याने करावा लागे. साकीनाक्याच्या गल्ल्यांत, कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांशेजारी, घाटकोपर ते मुलुंड पसरलेल्या जुन्या आग्रा रोडच्या कडेला अशी लहान लहान गॅरेजे होती. तिथे ना खड्डा खणलेला असे, ना गाडी उचलणारा हायड्रॉलिक पाळणा. असे ते एक जॅक, दोन लाकडी ठोकळे, पान्यांची पेटी आणि एक पोऱ्या. एवढ्यावर जे काम होई, ते कोणत्याही तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवावे असे होते.

पहिली पायरी डिकी रिकामी करण्याची. स्टेपनी, जॅक, पाने, पाण्याचा कॅन सगळे बाहेर. निम्म्या तक्रारी इथेच संपत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल, पण पुष्कळ संपत हे निश्चित. छतावरचे कॅरियर असेल तर त्याच्या पकडी आवळून पाहायच्या. कारण गाडी मागे दबली की छतही किंचित पिळवटते आणि लोखंडी कॅरियर पत्र्यावर कुरकुरते. नंतरच्या काळात यात एक नवा संशयित आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयात हवेच्या प्रदूषणाविरुद्ध जनहित याचिका चालली, तिच्या ओघात जुन्या टॅक्सींना सीएनजीवर यावे लागले. गॅसची जड टाकी डिकीत, म्हणजे बरोबर मागच्या पाट्यांच्या डोक्यावर बसली. प्रवासी नसतानाही गाडी आता कायम सामान भरल्यासारखी दबलेली असे. पाट्यांचा बाक उतरू लागला, शॅकलचा कोन बदलला. शिवाय टाकी धरून ठेवणारे पट्टे स्वतःच वाजू लागले, आणि त्यांचा आवाज हुबेहूब पाट्यांसारखा. शहराची हवा सुधारण्यासाठी घेतलेल्या निर्णयाचा हा असा एक अगदी खासगी परिणाम गाडीखाली ऐकू येत होता.

दुसरी पायरी दाबण्याची. पोऱ्या मागच्या बंपरवर उभा राहून लयीत गाडी दाबी आणि कारागीर खाली आडवा होऊन एकेका जोडावर बोटे टेकवी. कान फसतो, बोट सहसा फसत नाही: जिथे आवाज जन्मतो तिथे बारीक थरथर हाताला लागते. काही जण लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक जोडावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवत; हा गरिबाचा स्टेथोस्कोप. दोन्ही बाजू एकत्र दाबल्या तर पाटे सरळ वर-खाली होतात. एकच कोपरा दाबला तर गाडी कलंडते आणि बुश व शॅकल पिळले जातात. दोन्ही प्रकारांत आवाज सारखाच असेल तर संशय पाट्यांवर, एकाच प्रकारात असेल तर बुशवर. रस्त्यावरही हीच परीक्षा आपोआप होई. उड्डाणपुलाच्या सांध्यावर दोन्ही चाके एकदम उचलली जातात, पेव्हर ब्लॉक उखडलेल्या खड्ड्यात एकच चाक पडते. जाणता चालक ‘पुलावर वाजते’ की ‘खड्ड्यात वाजते’ एवढे सांगूनच कारागिराचे निम्मे काम हलके करी.

तिसरी पायरी पाण्याची, आणि ती सर्वांत हुशारीची. बारीक तोंडाच्या बाटलीतून आधी फक्त एका बुशवर पाणी सोडायचे आणि गाडी दाबायची. आवाज तसाच? मग दुसऱ्या बुशवर. मग शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या आणि खालच्या रबरांवर. हे सगळे निर्दोष सुटल्यावर शेवटी पाट्यांवर. क्रम उलटा केला तर पाट्यांवरचे पाणी ओघळून बुशपर्यंत जाई आणि साक्षच नासे. शंका उरली तर शॉकॲब्सॉर्बर खालून सोडवून पुन्हा दाबून पाहायचे. इतिहासाच्या साधनांची छाननी करणाराही हेच करतो: एक साक्षीदार दुसऱ्याला दूषित करणार नाही अशा क्रमाने प्रश्न विचारायचे.

आता जिथे खरोखर काही पणाला लागलेले असे ती जागा. आवाज पाट्यांचाच ठरला, तर पुढे काय? सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे इंजिनातून काढलेले जळके ऑइल ब्रशने पाट्यांवर मारणे. पाच मिनिटांचे काम, आवाज बंद, चालक खूश. या उपायात दोन फसगती होत्या. एक रसायनाची: खनिज तेल नैसर्गिक रबराला फुगवते आणि मऊ करते. पाट्यांवरून ओघळलेले ऑइल बुशमध्ये गेले की काही महिन्यांत बुश निकामी, आणि मग लोखंडावर लोखंड. जुन्या माणसांचे एरंडेल इथे उजवे ठरे. बैलगाडीच्या आसाला शतकानुशतके जे वंगण घातले गेले, ते रबराला फारसा अपाय करत नाही. ब्रेकच्या जुन्या द्रवांत एरंडेल वापरले जाई ते याच गुणामुळे.

दुसरी फसगत अधिक गंभीर होती. टॅक्सी दिवसभर भरलेली धावते, तिचे शॉकॲब्सॉर्बर लवकर संपतात, आणि ते महाग म्हणून बदलणे लांबते. अशा गाडीत हिंदोळे कोण थांबवत होते? तेच गंजके, कुरकुरणारे पाटे. त्यांचे कागदोपत्री काढून घेतलेले काम त्यांनी गुपचूप पुन्हा अंगावर घेतलेले असे. त्यांना तेल पाजले की आवाज थांबे, पण गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर तीन-चार वेळा डुलू लागे, आणि वळणावर मागचे चाक रस्ता सोडायला पाही. म्हणून चांगला कारागीर तेलाला हात लावण्याआधी गाडी जोराने दाबून सोडून देई आणि ती किती वेळा हलते ते मोजी. एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. डुलत राहिली तर आधी शॉकॲब्सॉर्बर, मग वंगण. हा क्रम पाळणे गिऱ्हाइकाला पटवणे मात्र कठीण. त्याला आवाज खुपत होता, डुलणे नव्हे.

आणखी एक शक्यता होती, तिची सगळ्यांनाच धास्ती. मधला एखादा पाटा तडकला तरी बाकीचे त्याला धरून ठेवतात. बाहेरून काही दिसत नाही, फक्त आवाजाची जात बदलते. कुरकुरीत मधूनच एक कोरडा ‘टक्’ येतो. सेंटर बोल्ट तुटला तर त्याहून वाईट: आस जुडीवर सरकतो, गाडी रस्त्यावर तिरकी चालू लागते. ज्याने कुरकुरीकडे दुर्लक्ष करण्याची सवय लावून घेतली, त्याला हा ‘टक्’ ऐकू येत नसे. पासिंगच्या वेळी, म्हणजे परिवहन कार्यालयातल्या योग्यता-तपासणीच्या आधी, पाटे उतरवून तारेच्या ब्रशने घासण्याची जी रीत होती तिचे कारण हेच. जुडी सोडवली की प्रत्येक पाटा हाताने तपासता येई. मग ग्राफाइटचे ग्रीस लावून पुन्हा आवळायची. काम दिवसभराचे, म्हणजे चालकाची एक दिवसाची कमाई गेली. भाड्याने टॅक्सी चालवणाऱ्यासाठी हा हिशेब साधा नव्हता, आणि जळक्या ऑइलचा ब्रश इतका लोकप्रिय का होता हे त्यावरून समजते.

युरोपात ही विद्या इतकी खोल रुजली नाही, कारण तिथे तिची गरजच लवकर संपली. फियाटने स्वतः १९६० च्या दशकात ११०० ची जागा नव्या गाड्यांना दिली. भारतात मात्र १९५३ साली मांडलेली रचना शतक संपेपर्यंत रस्त्यावर नवी कोरी म्हणून येत राहिली. त्यामागे सरकारी धोरणाचा मोठा वाटा आहे. १९५३ च्या सुमारास, देशात खरोखर उत्पादन करणाऱ्यांनाच थारा द्यायचा असे ठरल्यावर शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स निघून गेली. उरलेल्या मोजक्या कंपन्यांना परवाने, आयातीवर निर्बंध आणि पुढे किमतींवरही नियंत्रण. मोटारींच्या दर्जाविषयी इतकी ओरड होती की १९६७ साली केंद्राला त्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. किमतीचा वाद तर सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७१ सालचा ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार’ हा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. गिऱ्हाईक वर्षानुवर्षे रांगेत उभे असताना मागचे पाटे काढून गुंडाळी स्प्रिंग बसवण्याची घाई कोणाला असणार? दोष एकट्या कंपनीचा मानणे अन्यायाचे होईल, आणि एकट्या सरकारचा मानणे सोयीचे.

या साचलेपणाची किंमत गिऱ्हाइकाने मोजली हे खरेच. पण त्याच साचलेपणामुळे एक गोष्ट घडली: तेच यंत्र चार-साडेचार दशके डोळ्यांसमोर राहिल्याने साकीनाक्याच्या कारागिराला त्याचा प्रत्येक सूर पाठ झाला. कुर्ल्यात बनलेली गाडी कुर्ल्यातच दुरुस्त होई, तिचे सुटे भाग कुर्ल्यातच मिळत. ही विद्या कोणी लिहून ठेवली नाही. ती पोऱ्याने बंपरवर उभे राहून शिकली आणि पुढच्या पोऱ्याला बंपरवर उभे करून शिकवली.

१९८० च्या दशकात मारुती आली. शतकाच्या वळणावर पद्मिनीचे उत्पादन थांबले. कारखाना गेला, कुर्ल्याच्या पश्चिमेला ‘प्रीमियर रोड’ हे रस्त्याचे नाव तेवढे उरले. नव्या टॅक्सींत मागे गुंडाळी स्प्रिंगा आहेत. त्यांचे वेढे एकमेकांना घासत नाहीत, त्यामुळे ऊर्जा जिरवण्याचे सगळे काम शॉकॲब्सॉर्बरवर पडते आणि तो संपला की गाडी मुकाट्याने डुलू लागते. त्या गाड्यांतही कुरकुर येते, पण ती बहुधा रबराच्या बुशमधून. आणि तिथे दुरुस्ती म्हणजे अख्खा भाग बदलणे.

पाटे मात्र रस्त्यावरून गेलेले नाहीत. भांडुप-मुलुंडच्या गोदामांतून निघणाऱ्या टेम्पोंच्या आणि ट्रकांच्या खाली ते आजही आहेत. त्यांतल्या नव्या प्रकाराला पॅराबोलिक म्हणतात: सात-आठ पातळ पाट्यांऐवजी मध्ये जाड आणि टोकांना निमुळते होत जाणारे दोन-तीन पाटे, त्यांच्यामध्ये मुद्दाम फट ठेवलेली, म्हणजे ते फक्त मध्यावर आणि टोकांशीच टेकतात. घर्षण कमी, गंजायला जागा कमी, आवाज जवळजवळ नाही. जुन्या जाड जुडीचे ट्रक अजून आहेत तोवर लालबहादूर शास्त्री मार्गावर, रात्री वाहतूक विरळ झाल्यावर, गतिरोधकापाशी तो आवाज ऐकायला मिळतो: दबताना ‘कुईं’, उठताना ‘कर्र’.